पारदर्शक कुलूप उघडतं, पितळी का उघडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या हत्यारांचा चोवीस तुकड्यांचा पिकिंग सेट मागवला, सोबत आलेलं पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप पंधरा मिनिटांत उघडलं, मग हुरूप येऊन हार्डवेअरच्या दुकानातून एक पितळी कुलूप आणलं. तीन आठवडे झाले, ते ढिम्म हलत नाही. हात चुकतोय की हत्यारं चुकीची आहेत? शिकायला किती दिवस लागतील? आणि असला छंद घरात ठेवणं बेकायदेशीर तर नाही ना?

हत्यारं पुरेशी आहेत, उलट एकवीस तुकडे जास्तच आहेत. चुकतोय तो हातच, पण बहुधा तुम्हाला वाटतोय तो नाही. सगळ्यांचं लक्ष पिक, म्हणजे आत घालायची बारीक आकड्याची सळी, धरलेल्या हाताकडे असतं. कुलूप उघडतो तो दुसरा हात, जो कुलपाला हलका पीळ द्यायची वाकवलेली पट्टी नुसती धरून बसलाय असं दिसतं.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. इतरांनी पाडलेली भोकं दिवसभर मोजायची आणि त्यांच्या शिव्या खायच्या, हे काम. पंधराएक वर्षांपूर्वी घराच्या दाराच्या कुलपाचं जुनं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो सुटा भाग, बदललं, तेव्हा निघालेलं सिलिंडर सहज म्हणून कामावर नेलं आणि खोललं. त्याचा प्लग, म्हणजे ज्यात किल्ली जाते आणि किल्लीबरोबर जो फिरतो तो पितळी दंडगोल, जेवणाच्या सुट्टीत टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्यावर एका ओळीत पाच भोकं. ओळ आपली म्हणायची. दुसरं भोक मधल्या रेषेपासून ३ शतांश मिलिमीटर डावीकडे, चौथं २ शतांश उजवीकडे, पाचवं किंचित तिरकं. असा पार्ट माझ्या टेबलावर आला असता तर लाल टॅग लावून परत पाठवला असता. छंद तिथे लागला. कारण त्या दिवशी कळलं की उघडणाऱ्याच्या हुशारीपेक्षा ड्रिलिंगच्या चुकीमुळेच कुलूप जास्त उघडतं.

कसं ते सांगते. प्लगच्या प्रत्येक भोकात एक पिन, तिच्या डोक्यावर दुसरी पिन आणि त्यावर स्प्रिंग असते. किल्ली नसताना वरची पिन थोडी प्लगमध्ये आणि थोडी प्लगभोवतीच्या न फिरणाऱ्या आवरणात अशी अडसरासारखी बसलेली असते, म्हणून प्लग फिरत नाही. किल्लीचे दात खालच्या पिनांना नेमकं इतकंच उचलतात की दोन पिनांचा सांधा प्लगच्या कडेशी येतो. या कडेला शिअर लाइन म्हणतात. पाचही सांधे एकाच वेळी तिथे आले की कुलूप उघडलं. किल्ली पाचही पिना एकदम उचलते, आपल्याकडे पिक एकच. पण भोकं एका रेषेत नसल्यामुळे प्लगला हलकासा पीळ दिला की पाचही एकदम अडकत नाहीत. जिचं भोक सर्वांत चुकलेलं ती आधी अडकते, बाकीच्या चार स्प्रिंगवर मोकळ्या खालीवर होत राहतात. ती अडकलेली शोधायची आणि सांधा कडेशी येईपर्यंत उचलायची. प्लग केसभरही नाही, पण हलतो. वरची पिन आता प्लगच्या काठावर टेकते आणि परत खाली येत नाही. मग पुढची चुकलेली अडकते. असं पाचदा. सगळी विद्या एवढीच आहे.

पण पीळ जास्त झाला की हा सगळा हिशेब मोडतो. पट्टी जोरात दाबली की पितळ थोडं दबतं, फरक मिटतो आणि तीन-चार पिना एकदम आवळल्या जातात. मग कोणती आधी, कोणती नंतर हे कळायला मार्गच उरत नाही. तुमच्या पितळी कुलपाचं हेच होत असणार, असं मी न बघताही सांगते, कारण शिकायला येणारा प्रत्येक जण हेच करतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. कुलपावर पट्टी जेवढी दाबता तेवढ्याच जोराने त्यावर बोट दाबा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा आकडा साडेसहाशे ग्रॅम आला. तो म्हणाला, मी तर हळूच दाबलंय. मी साधारण पन्नास-साठ ग्रॅमवर काम करते. उकडीच्या मोदकाच्या पारीला कळ्या पाडताना बोट जेवढं दाबतं तेवढंच. जरा जास्त झालं की पारी फाटते. रोज पाच मिनिटं नुसता काटा समोर ठेवून पन्नास ग्रॅमवर बोट स्थिर धरायचा सराव करा. कंटाळवाणा आहे. पण महिनाभर पिक खुपसत बसण्यापेक्षा यातून जास्त मिळतं.

पारदर्शक कुलपाने तुम्हाला दोन वाईट सवयी लावल्या. एक, तुम्ही डोळ्यांनी पिना उचलल्या, बोटांनी नाही. दुसरी त्याहून वाईट: त्याची भोकं इतकी ढगळ असतात की कसाही पीळ द्या, पिना बसतातच. आतली रचना समजून घेण्यासाठी ते एकदा बघावं आणि मग भाचरांना खेळायला द्यावं. फेकवत नसेल तर त्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा.

आता बोटाला नेमकं काय जाणवायला हवं, कारण व्हिडिओत हे दिसत नाही. पिकने पिन वर ढकलली की ती चारपैकी एक काहीतरी सांगते. मोकळी पिन कॅल्क्युलेटरच्या बटणासारखी, दाबली की जाते, सोडली की येते. अडकलेली पिन पावसाळ्यात फुगलेल्या खिडकीसारखी, हलते पण कुरकुरत. बसलेली पिन सैल लागते, पिकच्या टोकावर खुळखुळते, कारण वरच्या स्प्रिंगचा भार आता तिच्यावर नाही. आणि गरजेपेक्षा जास्त उचललेली पिन दगड असते. तिथे खालची पिनच कडेच्या वर घुसून बसलेली असते. अशी एक जरी झाली तरी बाकी चार बरोबर बसून उपयोग शून्य. पट्टी किंचित सैल करायची, ती पडल्याचा टक् आवाज ऐकायचा, सोबत एक-दोन चांगल्या पिनाही पडतील, तेही सोसायचं आणि पुन्हा सुरू करायचं. नवशिके इथे चिडून जोर लावतात आणि पिक वाकवून बसतात.

पितळी कुलूप सध्या बाजूला ठेवा. ते खोलता येत नाही, म्हणजे आत काय चाललंय ते कधीच तपासता येत नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या दारांचं सामान मिळतं त्या दुकानातून पाच पिनांचं सर्वांत स्वस्त युरो प्रोफाइल सिलिंडर आणा. दुकानदार "दार कुठलं आहे?" विचारेल. "दार नाही, फक्त सिलिंडर" म्हटलं की तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल तिची सवय करून घ्या. या सिलिंडरच्या मागची सर्क्लिप, म्हणजे प्लगला धरून ठेवणारी कडी, काढली, किल्ली घालून प्लग थोडा फिरवला की प्लग बाहेर सरकतो. पण तो नुसता ओढायचा नाही! त्याच्या मागोमाग त्याच मापाचा गुळगुळीत दांडा आत सरकवत न्यायचा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागेवर राहतात. लेथवर काम करणाऱ्या टर्नरची ओळख असेल तर पितळी दांडा करून घ्या, नसेल तर योग्य जाडीचा लाकडी दांडा पॉलिश पेपरने घासून चालतो. मी पहिल्यांदा दांड्याशिवाय प्लग ओढला. पाचातल्या दोन स्प्रिंगा फ्रीजखाली सापडल्या, एक अजून बेपत्ता आहे.

खोलता आलं की चार भोकं रिकामी करा आणि एकच पिन ठेवून सिलिंडर बंद करा. एका पिनेचं कुलूप उघडणं पोरखेळ वाटेल, पण ती अडकलेली कशी लागते आणि बसताना पट्टीखालच्या बोटाला काय कळतं, हे शंभर वेळा घोटून घ्या. मग दोन पिना. दोन झाल्या की पहिल्यांदा प्रश्न येतो, आधी कोणती? खरी शिकवणी इथून. तीनवर आठवडाभर रेंगाळलात तरी हरकत नाही. पाचवर याल तेव्हा तेच पितळी कुलूप पुन्हा हातात घ्या.

हत्यारांबद्दल थोडक्यात. सेटमधला एक बुटका हुक, एक थोडा उंच हुक आणि पट्ट्या ठेवा. करवतीच्या दातांसारखे जे रेक असतात ते आत-बाहेर घासून स्वस्त कुलूप चार सेकंदांत उघडतं, बघणारे वा म्हणतात आणि तुम्ही काहीही शिकलेले नसता. स्वतः करायची हौस असेल तर हातकरवतीचं पातं उत्तम. ते साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं आणि आपल्याकडच्या रुंद किल्लीछिद्रांत ते आरामात मावतं. पूर्ण कडक पातं मोडतं, लवचिक प्रकारचं घ्या. ग्राइंडरवर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, ते फेकून नवीन सुरू करायचं. डोळ्यांवर गॉगल हवाच. शेवटी ६०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा अशा घासा की नखावर ओढल्यावर ओरखडा उठू नये. खरबरीत हुक पिनांवर अडखळतो आणि त्या अडखळण्यालाच तुम्ही पिन अडकली समजता. पट्टीसाठी गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टीलची चपटी पट्टी असते ती काढा, पकडीने काटकोनात वाकवा. यापेक्षा चांगली पट्टी मी विकत घेतलेली नाही.

पट्टी किल्लीछिद्राच्या खालच्या टोकाला लावण्याऐवजी वरच्या टोकाला, पहिल्या पिनेच्या अगदी पुढ्यात टेकवून बघा. खालची जागा पिकसाठी पूर्ण मोकळी राहते. त्यासाठी पट्टीचं टोक किल्लीछिद्रात घट्ट बसेल असं कानसीने घासावं लागतं. सैल पट्टी घसरली की सगळ्या पिना खाली.

या छंदाचे जगभर पाळले जाणारे नियम दोनच आहेत: जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यालाही नाही, मग ते स्वतःचं का असेना. पहिल्याचं कारण सांगायला नको. दुसऱ्याचं कारण मी स्वतः खाल्लंय. पहिल्याच वर्षी, चार कुलपं उघडल्याच्या माजात, घराच्या लॅचला पिक लावली. उघडलं. आनंदाने प्लग अर्धा वेढा फिरवला आणि तिथेच तो अडकला, ना पुढे ना मागे. अर्ध्या वेढ्यावर किल्लीछिद्राची उघडी बाजू वर येते आणि आवरणातल्या वरच्या पिना स्प्रिंगच्या जोराने त्या फटीत उतरतात. किल्ली असती तर तिने ती फट भरून ठेवली असती. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. दीड तास दारात बसून होते. समोरच्या काकूंनी दोनदा "किल्ली हरवली का गं?" विचारलं. शेवटी कोपऱ्यावरच्या चावीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी फटीत पातळ पत्रा सरकवला, पिना वर दाबल्या, प्लग फिरवला. मिनिटही लागलं नाही. पैसे घेताना म्हणाले, "मॅडम, धंद्याला लागा नाहीतर नाद सोडा." त्यानंतर वापरातल्या कुलपाला मी हात लावलेला नाही. नातेवाईक कपाट घेऊन येतात, मी चावीवाल्याचा नंबर देते.

कायद्याचं. महाराष्ट्रात पिकिंगचा सेट घरात ठेवून स्वतःच्या कुलपांवर सराव करण्याला बंदी घालणारा कायदा माझ्या वाचनात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम १२२ नीट वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगलेलं सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण कायदेशीर होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर. म्हणून सेट घरातच राहू द्या. मित्राला दाखवायचा असेल तर त्याला घरी चहाला बोलवा. रात्री बॅगेत हुक आणि पट्ट्या घेऊन स्टेशनवर उभं राहून हवालदाराला शिअर लाइन समजावायची वेळ आणू नका. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात राहत असाल तर तिथला कायदा वेगळा, तो आधी बघा. घरच्यांची भीती वेगळी असते, की पोरगं चोरांची विद्या शिकतंय. त्यांना पेपरातली कुठलीही घरफोडीची बातमी दाखवा. दरवाजाचा कडी-कोयंडा कटावणीने उचकटून, असंच लिहिलेलं असतं. पन्नास ग्रॅमचा पीळ देत बसायला चोराला वेळ नसतो.

एक गोष्ट मात्र घरच्यांना आवडेल अशी आहे. लंडनमध्ये पिकॅडिलीला जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप मांडलेलं होतं आणि पाटी होती, हे उघडणारं हत्यार जो करील त्याला २०० गिनी. ब्रामाने कुलपाचं पेटंट १७८४ मध्ये घेतलं होतं. तो वारल्यानंतरही कित्येक वर्षं ते कुलूप तसंच पडून. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्याआधी त्याने चब या दुसऱ्या इंग्रज कुलूपवाल्यांचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडलं होतं. आतला लिव्हर, म्हणजे पिनेऐवजी किल्ली जो चपटा पत्रा उचलते तो, कोणी गरजेपेक्षा जास्त उचलला तर ते कुलूप आपोआप अडकून मालकाला चुगली करायचं. हॉब्जने तीच चुगली वापरली: अडकलं म्हणजे या लिव्हरची मर्यादा कळली. मला ५१ तासांपेक्षा हेच जास्त आवडतं. वर जी दगड झालेली पिन म्हटलं ना, तीही अशीच माहिती देते, फक्त चिडायचं नाही.

लिव्हरचा विषय निघालाच आहे तर, आपल्या आजोळच्या कपाटांची, गोदामांची आणि अलीगढहून येणारी बरीच कुलपं लिव्हरची असतात. गोदरेजचा १८९७ सालचा मुंबईतला कारखानाही कुलपांपासूनच सुरू झाला. ज्या किल्लीला गोल दांडा आणि टोकाला एक पान असतं ती बहुधा लिव्हरची, आणि तिच्या कुलपावर तुमचा हुक कामाचा नाही. त्याला पीळ द्यायला आणि लिव्हर उचलायला वेगळी, एकात एक बसणारी हत्यारं लागतात. वर्षभर तिकडे वळू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी किल्ली हरवलेली कुलपं किलोच्या भावाने दिसतात, घेऊन ठेवायला हरकत नाही. घरी आणल्यावर त्यांत खोबरेल तेल मात्र ओतू नका. तेल धूळ धरतं, दोन पावसाळ्यांत त्याचा चिकटा होतो. पेन्सिलच्या शिशाची पूड फुंकरीने आत सोडा.

पितळी कुलूप सुटल्यावर जरा बऱ्या सिलिंडरकडे गेलात की एक दिवस विचित्र प्रकार होईल. प्लग चांगला ठळक फिरेल, तुम्ही ओरडाल, आणि तो तिथेच थांबेल. आतल्या वरच्या पिना मध्ये बारीक केलेल्या, दोऱ्याच्या रिळासारख्या असतात. प्लग त्या खाचेत अडकून उघडल्याचं सोंग करतो. अशा वेळी पिना एकेक करून अलगद दाबत जा. एका पिनेवर तुमची पट्टी बोटाला उलटं ढकलेल. तीच ती. तिथे बोटाने हट्ट करायचा नाही, पट्टीला जेवढं मागे यायचंय तेवढं येऊ द्यायचं आणि पिन वर न्यायची. पन्नास ग्रॅमची सवय नसेल तर हे उलटं ढकलणं कळतच नाही.

किती दिवस लागतील, हेही विचारलं आहेत. रोज वीस मिनिटं दिलीत तर एका पिनेपासून पाच पिनांपर्यंत दीड-दोन महिने धरा. आणि सिलिंडरच्या किल्ल्या सराव संपेपर्यंत जपून ठेवा, पिना कुठल्या भोकातून काढल्या तेही कागदावर मांडून ठेवा. माझा एकदा क्रम चुकला, बंद केलेल्या सिलिंडरला त्याचीच किल्ली लागेना. शेवटी ते पिकनेच उघडलं, तीन संध्याकाळी गेल्या.